एकाच पत्त्यावरची माणसं

सत्यभामा धनावडे ही बावीस माणसांना पुढे करून मागून शेअर गोळा करणारी बडी दलाल आहे, असा संशय सरकारी महामंडळाला आला, तेव्हा ती बाई घणसोली गावातल्या आपल्या खानावळीत सुकट निवडत बसली होती. पोस्टमनने लिफाफ्यांचा गठ्ठाच तिच्यापुढे ठेवला आणि पाणी मागितलं. सत्यभामाने पाण्याबरोबर गुळाचा खडाही दिला, कारण तिला वाटलं, शेअर आले.

शेअर आले नव्हते. सगळ्या लिफाफ्यांत एकच मजकूर होता, फक्त वरचं नाव वेगळं. तुमचा अर्ज आणि त्याच पत्त्यावरून आलेले बाकीचे अर्ज एकाच माणसाने वेगवेगळ्या नावांवर केल्याचं दिसतं. आडनाव एक, पत्ता एक, अक्षर एक. सबब ते बाजूला काढले आहेत. खुलासा करायचा असेल तर येत्या मंगळवारी बेलापूरच्या कचेरीत हजर राहावं. सत्यभामाच्या नावाच्या लिफाफ्यात एक ओळ जास्त होती. पत्ता आपला असल्याने हे सर्व अर्ज आपणच घडवून आणले, असं मानण्यास जागा आहे. सातवी पास झालेल्या सत्यभामाने ती ओळ पुन्हा वाचली. मग पोस्टमन गेला त्या दिशेला बघून म्हणाली, "गूळ फुकट गेला."

आता हे मुळापासून सांगायला हवं. नाहीतर ऐकणारा म्हणायचा, आग असल्याशिवाय धूर निघत नाही.

जावळीच्या खोऱ्यात करंजवाडी म्हणून गाव आहे. गावात आडनाव एकच, धनावडे. गावाला त्याचा कधी त्रास झाला नाही, कारण तिथे माणसाला आडनावाने कुणी हाकच मारत नाही. त्या गावच्या तरण्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात पोती वाहिली. बाजार मशीद बंदरावरून तुर्भ्याला आला तशी करंजवाडीची टोळीही आली, आणि टोळीच्या मागे सत्यभामाची पातेली आली. तिचा नवरा भैरू हाही त्यातलाच. त्याची पाठ पोत्यांनी खाल्ली, आता तो खानावळीत बसून कांदे चिरायचा आणि बायकोच्या हुकमाची टिंगल करायचा. घणसोलीतल्या एका आगरी घरमालकाच्या लांबट खोल्यांत टोळी राहायची, जेवायची, आजारी पडायची, बरी व्हायची. टपाल यायचं तेही 'द्वारा सत्यभामा धनावडे, खानावळ' असंच.

आणि सत्यभामाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. गावच्या जत्रेला यंदा कुणी जायचं, कुणी थांबायचं, हे ती ठरवायची. कुणाची दारू वाढली, तर त्याचं ताट तीन दिवस पालथं राहायचं. पगाराचे पैसे माणसं तिच्याकडे ठेवायची आणि लागतील तसे मागून न्यायची. मागताना कशाला ते सांगावं लागायचं. बाहेरून बघणाऱ्याला हा जुलूम वाटला असता. आतले तिला काकी म्हणायचे, पण ती त्यांना आई वाटायची, आणि आई म्हणजे थोडा जुलूम आलाच.

साल पंच्याण्णवचं. एके संध्याकाळी खानावळीतल्या टीव्हीवर बातमी लागली. सरकार कोठार महामंडळातला आपला काही हिस्सा विकणार. ज्या महामंडळाच्या तुर्भ्याच्या गोदामांत ही माणसं रोज पोती रचायची, तेच हे महामंडळ. विकायच्या हिश्शातला एक भाग छोट्या माणसांसाठी राखून ठेवलाय, हजार रुपयांपासून पुढे कुणालाही घेता येईल, आणि आता सामान्य माणूसच त्याचा मालक होईल, असं मंत्री सांगत होते. पंगतीत बंडू बसला होता. टोळीतला सगळ्यात तगडा आणि सगळ्यात भोळा. त्याने भाकरी मोडता मोडता विचारलं, सामान्य माणूस म्हणजे आपणच ना? सगळे हसले. सत्यभामा हसली नाही.

माथाडी संघटनेचा पुढारी इंद्रजित दुसऱ्याच दिवशी आला. हा माणूस खोटा नव्हता. ज्या काळात व्यापारी माथाड्याला जनावरासारखं हाकत होते, त्या काळात त्याच्या संघटनेने लढून माणसांना बिल्ला दिला, बोनस दिला, दवाखाना दिला. त्याचं म्हणणंही सरळ होतं. सरकारचा खर्च भागत नाही, म्हणून सण करायला घरातली भांडी मोडीत काढायची, आणि वर शेजाऱ्यांना सांगायचं की बघा, तुम्हाला भांडी स्वस्तात मिळाली. आज थोडा हिस्सा विकतील, उद्या सगळा. मग शेठ लोक मालक होतील, यंत्रं आणतील, आणि करंजवाडीची माणसं करंजवाडीला जातील. तेव्हा विरोध करायचा.

"तुमचं सगळं पटलं," सत्यभामा म्हणाली. "मोर्चा काढा, आमची मानसं सगळ्यांच्या म्होरं असत्याल. पर न्हाईच थांबलं, तर घेनाऱ्यांच्या रांगेत शेठ एकटाच का म्हनून उभा ऱ्हावा?"

इंद्रजितने चहा संपवला आणि म्हणाला की बाईमाणसाने राजकारणात पडू नये. भैरूने कांदा चिरता चिरता त्याच्याकडे असं पाहिलं, जसं जळत्या स्टोव्हवर बसणाऱ्याकडे पाहावं. पण सत्यभामाने त्याला जाऊ दिलं.

तिचा खरा निश्चय झाला तो बंडूमुळे. चार-सहा दिवसांनी तो मोठ्या खुशीत आला आणि शंभराच्या दोन नोटा तिच्यापुढे ठेवल्या. बाजारातल्या एका शेठचा मुनीम माथाड्यांना गाठून सह्या गोळा करत होता. अर्ज तुमच्या नावाचा, पैसे शेठचे, शेअर आले की शेठचे, सहीचे दोनशे. छोट्या माणसांसाठी राखलेला हिस्सा गिळायचा, तर छोटी माणसं लागतातच. बंडूला वाटलं, नुसती सही करायची तर आहे. सत्यभामाने नोटांना हातसुद्धा लावला नाही.

"दोनशे रुपयांत नाव इकलंस? आईबापानं एवढी एकच वस्तू दिली तुला, नाव. जा, पैसे दे आन सही फाडून आन. नाव इकायचं न्हाई, बंडू. नावावर घ्यायचं."

बंडू त्याच पावली गेला, सही फाडून आणली. आणि त्या रात्रीच्या पंगतीत सत्यभामाने जाहीर केलं की ज्याचे हजार रुपये तिच्याकडे शिल्लक असतील, त्याने ते ह्यात घालावेत, सक्ती नाही. ती 'सक्ती नाही' म्हणाली, हेच इतकं नवलाचं होतं की सगळ्यांनी घातले. भैरूनेही घातले. आणि तिने स्वतःच्या नावाने हजार घातले. तिच्या नावावर जगात दुसरं काहीच नव्हतं. गावचं रान दिराच्या नावावर, रेशनकार्डावर पहिलं नाव भैरूचं, आणि खानावळीला तर पाटीसुद्धा नव्हती. भैरू तिला दोन दिवस मालकीणबाई म्हणत होता. तिने त्याला गप्प केलं नाही, ह्यावरून ओळखा.

अर्ज भरायला निशांत नावाचा एजंट आला. उन्हाळ्यात टाय बांधणारा, स्कूटरवर फिरणारा हा पोरगा कोपरखैरण्याच्या सोसायट्यांमधून विमे आणि शेअर विकायचा. त्याने परात पालथी घातली, तिच्यावर कागद ठेवले आणि बसल्या बैठकीला सगळे अर्ज स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात भरून टाकले. माणसांनी खाली जपून जपून सह्या केल्या. आडनाव तेच, पत्ता तोच, अक्षर तेच, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. करंजवाडीच्या माणसाला त्यात वावगं काय वाटणार? शेठच्या मुनीमाला मात्र हे सगळं ठाऊक होतं. त्याने अर्ज निरनिराळ्या पत्त्यांवरून, निरनिराळ्या हातांनी लिहवून घेतले होते. चोराला चोराच्या वाटा ठाऊक असतात, आणि सरळ माणूस हमरस्त्यानेच जातो, तिथेच त्याला अडवतात.

लिफाफे आले तसे सत्यभामाने निशांतला गाठलं. त्याने स्कूटर बंदसुद्धा केली नाही. टेन्शन घेऊ नका काकी, म्हणाला, अर्ज रद्द झाला तरी पैसे सगळेच्या सगळे परत येतात, बेलापूरला जायचीच गरज नाही. आणि तो उंटावरचा शहाणा धूर सोडत निघून गेला.

पैसे परत येणार होते, हे खरं. नाव परत येणार नव्हतं. बेनामी करणारी बाई असा शेरा तिच्यावर कागदोपत्री बसणार होता. आणि ती गोष्ट करंजवाडीला पोचायला कितीसा वेळ? जिने बंडूला दोनशे रुपयांसाठी झापलं, तिनेच पोरांच्या नावांवर धंदा केला, असं गावात म्हटलं गेलं असतं. इतकी वर्षं ह्या माणसांच्या बायका गावाकडे निर्धास्त झोपत होत्या, त्या सत्यभामाच्या भरवशावर. तो भरवसाच तिची सगळी कमाई होती. मंगळवारी बेलापूरला जायचं, असं तिने ठरवलं, आणि सगळ्यांना घेऊन जायचं.

सगळ्यांना घेऊन जाण्यात एक अडचण आली असती, कामाचा खाडा. पण ती संघटनेनेच सोडवली. मंगळवारी दुपारी महामंडळाचे संचालक कुणाला किती शेअर द्यायचे ते नक्की करायला बसणार होते, म्हणून इंद्रजितनेही त्याच दिवशी बाजार बंद पुकारला आणि बेलापूरच्या त्याच कचेरीवर मोर्चा ठरवला. त्यामुळे असं झालं की करंजवाडीची टोळी सकाळी कचेरीच्या फाटकाशी उभी राहून 'महामंडळ विकू देणार नाही' अशा घोषणा घसा फाटेस्तोवर देत होती, आणि मग आपली वेळ झाल्यावर, झेंडे भिंतीला टेकवून, जिना चढायला निघाली.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर इंद्रजितने सत्यभामाला अडवलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. सकाळी विरोध आणि दुपारी खरेदी, ही कुठली तऱ्हा, असं त्याने विचारलं. लोकांसमोर आमचं हसं करता का?

"हसं कशापायी?" सत्यभामा म्हणाली. "घर इकू नका म्हनून भाऊ भावाला सांगतो. तरी त्यो इकायला निघाला, तर परक्याच्या हाती जाऊ नये म्हनून स्वतः घेतो. दोन्ही खरं असतं, इंद्रजितभाऊ. तुमी खाली जोर लावा, आमी वर लावतो."

 इंद्रजितने वाट दिली, आणि माणसं वर गेली.

चौकशीला बसलेल्या अधिकारी बाईंचं नाव गीतांजली देसाई. चष्मा, साधी सुती साडी, आणि आठवडाभर संशयास्पद अर्ज उपसून आलेला थकवा. बाई मनाने वाईट नव्हत्या. उलट त्यांना असल्या लबाडीची मनापासून चीड होती. छोट्या माणसांसाठी ठेवलेलं मोठी माणसं छोट्यांच्याच खांद्यावर बंदूक ठेवून लुटतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं, आणि ह्या वेळी ते होऊ द्यायचं नाही असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. त्यांनी सत्यभामाला बाहेर बाकावर बसवलं आणि माणसांना एकेक करून आत बोलावलं. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. बाहेर येणारा प्रत्येक जण घाम पुसत तिच्याकडे बघून मान डोलवायचा, म्हणजे तुम्ही काळजी करू नका, आम्ही बरोबर बोललो.

शेवटी तिला बोलावलं. तेवढ्यात खालून घोषणांचा एक लोंढा आला, म्हणून देसाईबाईंनी खिडकी लावून घेतली.

माणसं खरी आहेत, त्या म्हणाल्या. बिल्ले पाहिले, फोटो पाहिले, सगळे वेगवेगळे आहेत, ह्यात शंका नाही. पण बेनामीत माणूस खराच असतो. पैसा दुसऱ्याचा असतो आणि हुकूम दुसऱ्याचा. पैसे कुठे होते, असं विचारलं, तर सगळे म्हणतात, काकीकडे. घ्यायचं कुणी सुचवलं? काकीने. मग मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, शेअर हातात आल्यावर तुम्ही काय करणार?

त्यांनी चष्म्यावरून सत्यभामाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "काकी सांगतील तसं. जवळजवळ प्रत्येकाने हेच सांगितलं. बाई, तुमच्याविरुद्ध मी एक शब्द बोललेले नाही. तुमचीच माणसं बोलली."

सत्यभामा सुन्न झाली. तिला राग यावा तर कुणाचा? काकी सांगतील तसं, हे ऐकायला इतकी वर्षं तिला गोड वाटत आलं होतं. त्याच शब्दांसाठी तिने ताटं पालथी घातली, डोळे वटारले, उपाशी राहून दुसऱ्याला वाढलं. तो सगळा मान आता उलटा फिरून तिच्याच अंगावर आला होता. आणि आणखी एक गोष्ट तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख दिसली, आणि ती जास्त लागली. बंडूने मुनीमाला सही दिली ती मुनीमाने सांगितलं म्हणून, आणि फाडून आणली ती तिने सांगितलं म्हणून. मग तिच्यात आणि मुनीमात फरक काय राहिला? नावावर घ्यायचं, असं ती म्हणाली खरी, पण ते नाव ज्याचं त्याच्या ताब्यात होतं कुठे?

 देसाईबाई शेरा लिहायला पेन उघडत होत्या.

"म्याडम," ती म्हणाली, "तुमी म्हनता ते खोटं न्हाई. जेवायचं, प्यायचं, गावाला जायचं, समदं माझं ऐकत्यात. पर शेअरचंबी ऐकतील का, ते मलाबी ठाव न्हाई. तुमाला न्हाई, मलाबी न्हाई. समद्यांना एकदम आत बोलवा. मी त्यांना इकायला सांगते. ऐकलं, तर तुमचा शेरा खरा. मी सही करून जाते."

देसाईबाईंनी चष्मा काढला. असं काही त्यांच्या नियमांत नव्हतं, आणि तुम्ही त्यांना आधीच पढवलं नसेल कशावरून, असं त्या म्हणाल्या. पण म्हणता म्हणताच त्यांच्याही लक्षात आलं की पढवलेली माणसं मघाशी तसं उत्तर देणार नाहीत. शेवटी त्यांनी अट घातली. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची. माणसांकडे बघायचं नाही, खूण करायची नाही, मी सांगते तेवढंच बोलायचं.

माणसं आत आली. बावीस जणांनी खोली भरून गेली, मागचे दाराबाहेर उरले. काकी भिंतीकडे तोंड करून बसलेली बघून त्यांच्यात चुळबुळ झाली. देसाईबाईंनी टेबलावर पेन ठेवलं आणि सांगितलं की तुमच्या काकींना काही सांगायचंय.

 बोलायचं तर खरं वाटेल असंच बोलायचं, ताकाला जाऊन भांडं लपवणं सत्यभामाला येत नव्हतं. तिने आपला रोजचा, भांड्यांच्या आवाजावर चढणारा आवाज लावला.

"ऐका. आपल्याला हे शेअर ठिवायचे न्हाईत. बाजारातला शेठ दुप्पट देतोय. समद्यांनी आत्ता हितं इकल्याचं लिवून द्यायचं, आन मोकळं व्हायचं. मी सांगतीया."

 भिंतीला पोपडे आले होते, त्यातल्या एका पोपड्याकडे सत्यभामा बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटत होतं की आपला शब्द खाली पडावा.

पहिला बोलला तो बाजीराव, टोळीतला सगळ्यात वडील माणूस. "तू म्हनतीस म्हंजी इचार करूनच म्हनत असशील," तो म्हणाला, आणि त्याच्या चपलांचा आवाज टेबलाकडे सरकला. सत्यभामाने डोळे मिटले. झालं, तिच्या मनात आलं, मीच ह्यांना असं केलं.

"न्हाई."

आवाज बंडूचा होता, पण ओळखू आला नाही, कारण त्या आवाजात तो शब्द आजवर कुणी ऐकलाच नव्हता.

"म्या न्हाई देनार, काकी," बंडू म्हणाला. त्याला धाप लागली होती, पाठीवर दोन पोती असावीत तशी. "तुमी सांगता म्हनून जेवतो, तुमी सांगता म्हनून गावाला पैसं धाडतो. पर ह्ये न्हाई. खोली घरमालकाच्या नावावर, रान आज्ज्याच्या, बिल्ल्यावर नंबर. माझं नाव कुटं लिवलंया सांगा की. त्या कागदावर बंडू तुकाराम धनावडे लिवून येनार हाय. गोदामात मी रोज जातो, खाली मान घालून. आता येकडाव मान वर करून भिंतीकडं बघायचंय मला. शेठ धा पट देऊ दे. तुमी जेवायला घालू नका, चालंल. मी इकनार न्हाई."

 मग बाजीरावाच्या चपला टेबलापासून मागे गेल्याचं तिला ऐकू आलं. "पोरगं बोललं तसंच माजंबी," तो पुटपुटला. त्याच्यामागून आणखी कुणी, मग आणखी. एकाने सांगितलं, पोरीला दाखवायचंय. एकजण म्हणाला की तुर्भ्याच्या गोदामातलं पहिलं पोतं मीच रचलं होतं, ते मी कसा विकू. एकाला कारणच सुचलं नाही, तो नुसताच नाही म्हणाला, आणि ते सगळ्यात ठाम होतं. सगळ्यात शेवटी भैरू बोलला. "हिला न्हाई म्हनल्यावर मला संध्याकाळचं जेवान मिळंल का, ठाव न्हाई. पर न्हाई. म्याडम, लिवून घ्या."

देसाईबाई हसल्या, पण त्यांचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, वळा आता, सत्यभामाबाई.

सत्यभामा वळली. समोर बावीस माणसं तिच्याकडे अपराध्यासारखी बघत होती, आणि तरी एकही मागे सरत नव्हता. ह्या माणसांना तिने तापात पाणी पाजलं होतं, ह्यांची भांडणं मिटवली होती, ह्यांच्या लग्नात मिरवली होती. पण त्यांचा इतका अभिमान तिला त्याआधी कधी वाटला नव्हता. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिने फक्त पदर सावरला, आणि ताठ उभी राहिली.

आणि तुम्ही, देसाईबाईंनी विचारलं, तुमचे स्वतःचे हजार रुपयांचे शेअर, ते तुम्ही काय करणार?

"ह्यांना इचारून ठरवीन," सत्यभामा म्हणाली, आणि पहिल्यांदा सगळी खोली हसली. मग ती म्हणाली, "न्हाई म्याडम. माझं मी ठरवीन. ठिवनार."

देसाईबाईंनी तेवीस अर्जांवर तेवीस वेगळे शेरे लिहिले. सगळ्यांना मिळून एकच शेरा लिहिता आला असता, वेळही वाचला असता, पण त्यांनी तसं केलं नाही. दुपारी संचालक बसले, आणि करंजवाडीची माणसं शेअर मिळणाऱ्यांच्या यादीत गेली. खाली इंद्रजितचा मोर्चा संध्याकाळपर्यंत चालला, आणि टोळी जिना उतरून पुन्हा झेंडे घेऊन त्यात उभी राहिली. ह्या वेळी बंडूचा आवाज सगळ्यांच्या वर होता. हिस्सा विकला गेला तो गेलाच. इंद्रजित हरला, पण त्यानंतर तो खानावळीत आला की सत्यभामाला वहिनी म्हणायला लागला, आणि महामंडळाच्या सभेची नोटीस आली की आधी तिच्याशी बसून बोलायचा.

पण त्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिली. पंगत बसली, सगळे आले, बंडू आला नाही. तो बाहेर ओट्यावर बसून होता. जेवायला घालू नका, असं तो स्वतःच म्हणाला होता, आणि शब्दाचा पक्का माणूस. सत्यभामाने त्याचं ताट वाढलं आणि ते घेऊन ती स्वतः बाहेर गेली. इतक्या वर्षांत ताट घेऊन ती कुणाकडे गेली नव्हती. माणसं ताटाकडे यायची.

"काकी, राग आला?" बंडूने विचारलं.

"आला असता. तू व्हय म्हनला असतास तर." ती त्याच्याशेजारी ओट्यावर टेकली. "जेव. आन हितनं म्होरं माझं काय चुकलं तर तोंडावर सांगायचं. कालवन बिघडलं, तरी सांगायचं."

बंडूने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला, आणि विचारात पडला. आत पंगतीतले हात थांबले होते, सगळे दाराकडे बघत होते.

"आजचीच जरा खारट झालीया," तो म्हणाला.

सत्यभामाने बोट बुडवून आमटी चाखली. खारटच होती. इतक्या वर्षांत कितीदा झाली असेल आणि कुणी बोललं नसेल, देव जाणे, असं म्हणत ती आत गेली, पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं, आणि तिचा ऊर असा भरून आला की तिला पंगतीकडे पाठ करून स्टोव्हपाशी उभं राहावं लागलं.